बुधवारचं प्रार्थनापत्रक

दुसऱ्या गावांत एखाद्याच्या घरातली गोष्ट फुटली की लोक कुजबुजतात. लॉरेल फोर्कमध्ये कुजबुजणं पाप समजलं जातं, म्हणून आम्ही प्रार्थना करतो. कुणाच्या नवऱ्याने पुन्हा बाटली हातात घेतली, कुणाच्या मुलीचं लग्न मोडलं, कुणाच्या पोटात गाठ निघाली, हे सगळं दर बुधवारी दुपारी बाराच्या आत गावभर होतं आणि तेही अगदी भक्तिभावाने. ज्या कागदावरून ते होतं त्याला आम्ही प्रार्थनापत्रक म्हणतो.

ओपल प्रुइट हे पत्रक एकतीस वर्षं लिहीत होती. बेथेल बॅप्टिस्ट मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, कार्यालयात तिचं टेबल होतं आणि सगळ्या मंडळीची नस तिच्या हाताखाली होती. पूर्वी ती पत्रक छापून वाटायची, अलीकडे ईमेलने एकशे नव्वद घरांत पाठवायची. जिल्ह्याचा पोलीसप्रमुख म्हणजे शेरीफ, सरकारी वकील, शाळेचा मुख्याध्यापक, दोन्ही पेट्रोल पंपांचे मालक, सगळे बेथेलचेच. गावात एखादा माणूस बेथेलचा नसलाच तर तो दुसऱ्या पंथाचा, मेथडिस्ट असायचा आणि त्याच्यासाठीही आम्ही प्रार्थना करत असू.

आमचे पाळक ब्रदर केंट यांचा एकच आग्रह असे, मोघम लिहू नका. ‘एका बहिणीची अडचण’ एवढंच लिहिलं तर लोकांनी मागायचं तरी काय? नाव लिहा, काय झालं ते लिहा, नेमकं मागा. ओपलचा यात हातखंडा होता. कुणाचा मूत्रपिंडाचा खडा किती मिलिमीटरचा आहे हेसुद्धा ती लिहीत असे.

ऑक्टोबरमधल्या त्या बुधवारी मात्र तिची बोटं अडून बसली. किती लिहावं, हा प्रश्न तिला याआधी फारसा पडला नव्हता. पण या वेळी नाव तिच्या स्वतःच्या मुलीचं होतं.

मार्ली सव्वीस वर्षांची. नवरा डस्टिन गॅसच्या पाइपलाइनवर, तीन आठवडे बाहेर आणि एक आठवडा घरी. ती टायरच्या दुकानात काउंटर सांभाळायची. तिला चौथा महिना चालू होता आणि शनिवारी अचानक रक्त जायला लागलं. आमच्या जिल्ह्याच्या दवाखान्यातला बाळंतपणाचा विभाग केव्हाच बंद झालाय, म्हणून ओपल तिला सत्तर मैलांवरच्या मोठ्या इस्पितळात घेऊन गेली. तिथल्या तरुण डॉक्टरने तपासलं, बाहेर जाऊन कुणाला तरी फोन केला आणि परत येऊन जमिनीकडे बघत सांगितलं की मूल वाचणार नाही, पण ठोके चालू आहेत तोवर कायद्याने आम्हाला हात लावता येत नाही. घरी जा, ताप आला तर या. रविवारी दोघी पुन्हा गेल्या, पुन्हा तेच ऐकून परत आल्या. सोमवारी सकाळी ओपल कामावर असताना मार्लीच्या न्हाणीघरात सगळं संपलं. तिने एकटीने ते उशीच्या अभ्र्यात गुंडाळलं, परसात अंजिराच्या झाडाखाली पुरलं आणि मग आईला फोन केला.

ओपल पोचली तेव्हा मार्ली मागच्या पायरीवर बसली होती. नखांत माती तशीच होती.

“मम्मा,” ती म्हणाली, “ऑगस्टमध्ये मी म्हटलं होतं ना, आत्ता नको हे मूल म्हणून. डस्टिनलाही म्हटलं होतं. देवाने तेवढंच ऐकलं असेल का गं?”

 ओपलने तसराळ्यात कोमट पाणी आणलं आणि लेकीचे हात धुऊन दिले.

आता टेबलाशी बसून तिला तेच आठवत होतं. पोरीच्या मनावरचं हे ओझं एकट्या आईने उचलण्याजोगं नाही, त्याला सगळी मंडळी लागेल, असं तिला मनापासून वाटलं. तिने लिहिलं: ‘आमच्या मार्लीचं बाळ सोमवारी घरीच गेलं. चौथा महिना होता. तिने स्वतःच्या हाताने त्याला परसात माती दिली. सुरुवातीला तिला हे मूल नको होतं आणि आता तेच तिच्या मनाला खात आहे. तिला शांती मिळावी म्हणून मागा.’ दोनदा वाचून पाहिलं, डोळे पुसले आणि पत्रक पाठवून दिलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते यालाच, पण त्या घडीला ते तिच्या ध्यानातही आलं नाही.

खोटं कशाला बोला, त्या आठवड्यात गावाने जे प्रेम दिलं ते खरं होतं. संध्याकाळपर्यंत मार्लीच्या ओट्यावर अकरा भांडी जमली. कोंबडी-भात, मक्याचा पाव, तळलेली भेंडी, पीचचा गोड पदार्थ. प्रत्येक भांड्याच्या बुडाला चिकटपट्टीवर मालकिणीचं नाव, म्हणजे रिकामं झालं की कुणाला परत करायचं ते कळावं. चर्चच्या रविवारच्या शाळेत शिकवणाऱ्या वर्बेनाबाई तर दोनदा येऊन गेल्या. मार्ली काही खात नव्हती, पण भांडी बघून एकदा हसली होती, म्हणाली होती की एवढं खायला बाळंतिणीचं पोट लागेल.

शुक्रवारी सकाळी शेरीफच्या दोन गाड्या आल्या. ओपल लेकीपाशीच होती आणि वर्बेनाबाई तेव्हा तिसऱ्यांदा येऊन ओट्यावर उभ्या होत्या. एका शिपायाने मार्लीचा फोन घेतला, दुसरा फावडं घेऊन मागे अंजिराकडे गेला. वर्बेनाबाईंनी डोळे मिटले आणि उभ्या उभ्या प्रार्थना सुरू केली. ती चांगली मोठ्याने चालली होती, पण फावड्याचा आवाज त्यातूनही ऐकू येत होता.

तिसऱ्या शिपायाच्या हातात एक छापील कागद होता. तो बिचारा मार्लीच्याच वर्गातला, शरमला होता. त्याने कागद तिला वाचायला दिला. मार्लीने तो वाचला, सावकाश दोन घड्या घातल्या आणि आईसमोर धरला.

“हे तू लिहिलंस?”

“सगळ्यांनी तुझ्यासाठी मागावं म्हणून गं, बाळा.”

“मी तुला सांगितलं होतं, मम्मा. एकशे नव्वद घरांना नव्हतं सांगितलं.”

एवढंच बोलून ती आत गेली. ओरडली असती, भांडली असती तर ओपलला बरं वाटलं असतं.

आता तो कायदा कोणता आणि आला कुठून, हे सांगायला हवं, कारण तो आभाळातून पडलेला नव्हता. चार वर्षांपूर्वी राजधानीत पाळकांची एक समिती बसली होती. आमदारांनी त्यांनाच सांगितलं की तुम्ही मसुदा लिहून द्या, आम्ही हात वर करतो. ब्रदर केंट त्या समितीत होते आणि आम्हाला त्याचा केवढा अभिमान! इस्पितळाबाहेर गर्भ गेला तर चोवीस तासांत शेरीफला कळवायचं, परस्पर पुरायचं नाही, ज्याच्या कानावर येईल त्याने गप्प बसायचं नाही आणि आईला मूल नको होतं असं कुठे दिसलं तर चौकशी झालीच पाहिजे. तिनेच गर्भ पाडल्याचं सिद्ध झालं तर दहा वर्षं आत. या कायद्याच्या बाजूने सह्या गोळा करायला प्रत्येक चर्चच्या दारात टेबल मांडलं होतं. बेथेलच्या दारातलं टेबल मांडलं होतं ओपलने. तीन रविवारांत तिने सहाशे अकरा सह्या जमवल्या आणि जे म्हातारेकोतारे येऊ शकत नव्हते त्यांच्या घरी ती स्वतः कागद घेऊन गेली.

त्या दिवसांत राजधानीहून एक बाई गावात आली होती. गर्भ आपोआप गेलेल्या बायकाही या कायद्यात भरडल्या जातील, एवढं सांगायला आली होती. ओपलने तिला गार गोड चहा दिला, तिचं सगळं ऐकून घेतलं आणि ती गेल्यावर तिच्यासाठी प्रार्थना केली. तिने काय सांगितलं होतं ते मात्र त्याच दिवशी विसरून गेली; हा कायदा दुसऱ्या कुणासाठी आहे, असंच ती धरून चालली होती.

शुक्रवारी दुपारी ओपल सरकारी वकिलाच्या कचेरीत गेली. आमच्याकडे हा माणूस मतांवर निवडून येतो. ग्रेडी स्टोव्हॉल त्याचं नाव. रविवारी तो चर्चमध्ये पुरुषांचा वर्ग घ्यायचा आणि चाळीस वर्षांपूर्वी ओपलनेच त्याला रविवारच्या शाळेत देवाची गाणी शिकवली होती, म्हणून अजूनही तिला मिस ओपलच म्हणायचा. तो उठून उभा राहिला, तिला खुर्ची दिली, दार लावून घेतलं. त्याचे डोळे खरोखर ओले होते.

“ग्रेडी, तू आमच्या मार्लीला ओळखतोस. तुझ्या लग्नात फुलं घेऊन पुढे चालली होती ती.”

“ओळखतो, मिस ओपल. म्हणून तर रात्री झोप नाही. पण मी वाचलं. वाचलंय म्हटल्यावर नाही वाचलं असं म्हणता येतं का? तुम्हीच शिकवलंत ना, खरं ते खरं?”

“ते मूल आपोआप गेलं रे. दोनदा इस्पितळात गेलो होतो आम्ही. विचार हवं तर.”

“विचारलं. तिथल्या कागदावर लिहिलंय, घरी पाठवलं. पुढचं घरात काय झालं ते बघायला कुणी नव्हतं.” त्याने समोरचं पत्रक पुढे सरकवलं. “आणि हे वाक्य, मिस ओपल. सुरुवातीला तिला हे मूल नको होतं. हे मी लिहिलेलं नाही.”

ओपलने ते वाक्य बघितलं. शब्द न् शब्द तिचाच होता. शेवटी ती म्हणाली की तू सोडून दे ना, तुझ्या हातात आहे. ग्रेडीने मान हलवली. आज ओळखीच्या मुलीला सोडलं तर उद्या अनोळखी मुलीला कोणत्या तोंडाने धरू, असं त्याने विचारलं. मग तो टेबलाला वळसा घालून आला, तिच्या शेजारी गुडघे टेकले आणि मार्लीसाठी फार सुंदर प्रार्थना केली. त्याच दुपारी त्याने आरोपपत्रावर सही केली.

वाईट माणसाशी भांडता येतं. ग्रेडी वाईट नव्हता, हीच पंचाईत होती.

कचेरीतून ओपल घरी गेली नाही. गावाबाहेर ब्रदर इनमन राहत, तिकडे गेली. ते ब्रदर केंटच्या आधीचे पाळक. पन्नास वर्षं मंडळी सांभाळून आता चौऱ्याऐंशीव्या वर्षी भेंडीची बाग सांभाळत होते. ते दोन वाफ्यांच्या मध्ये उकिडवे बसून जून झालेल्या भेंड्या काढून टाकत होते. तिचं बोलणं पुरं होईपर्यंत त्यांनी वर पाहिलं नाही.

“माझ्या पोरीला तुरुंगात घालतील का हो?” ओपलने विचारलं.

“घालू शकतात.”

“देवाची माणसं आहेत सगळी. अशी कशी घालतील?”

म्हातारा गुडघ्यांवर हात टेकून उठला. दोघं ओसरीवरच्या बाकावर येऊन बसली. थोडा वेळ दम खाऊन मग त्यांनी विचारलं, “आपल्या बॅप्टिस्ट लोकांना या देशात पहिल्यांदा तुरुंगात कुणी घातलं, आठवतं? मी शिकवलं होतं.”

ओपलला आठवत होतं. फार जुन्या काळी राजाचं चर्च होतं, त्याच्या परवान्याशिवाय वचन सांगायला बंदी होती. आपले उपदेशक परवाना मागायला तयार नव्हते. त्यांना चाबकाने फोडलं, कोठडीत टाकलं, तर ते कोठडीच्या गजांतून उपदेश करायचे आणि लोक बाहेर चिखलात उभे राहून ऐकायचे.

“बरोबर. मग दिवस पालटले, ते सुटले. सुटल्यावर त्यांनी काय मागितलं? राजाचं चर्च काढा आणि आमचं बसवा, असं नाही मागितलं. सरकारच्या खुर्चीवर कुणाचंच चर्च नको, असं मागितलं. आपलंसुद्धा नको. हाडं मोडून घेतलेली माणसं होती ती, त्यांना कळत होतं.”

“पण ते सरकार अधर्मी होतं, ब्रदर.”

“छे गं. फार धार्मिक होतं. प्रार्थनेशिवाय कामाला हात लावत नसे. तो धर्म आपला नव्हता, एवढंच. आता आपला आहे, म्हणून चाबूक गोड लागतो का?”

ओपल चिडली. तिचं सगळं आयुष्य ज्या मंडळीत गेलं त्या मंडळीवरच म्हातारा बोट ठेवत होता. ती म्हणाली की मग पापाला पाप म्हणायचंच नाही का, मूल टाकणारीला काहीच बोलायचं नाही का?

“बोल की. व्यासपीठावरून बोल, ओसरीवर बोल, रडून बोल. मी पन्नास वर्षं बोललो. आणि बोलत होतो तरी पोरी माझ्याकडे यायच्या, ओपल. याच बाकावर बसायच्या. कुणी मूल टाकलेलं असायचं, कुणाचं आपोआप गेलेलं असायचं. मी कधी विचारलं नाही कोणतं. त्या रडायच्या, मी शेजारी बसायचो. आता येईल का एक तरी? ऐकलं की शेरीफला कळवायचं, हे तुमच्याच कायद्यात लिहिलंय. मंडळीपाशी क्षमा असते, पोरी. कायद्यापाशी कलम असतं. आपण आपल्याजवळचं टाकून त्याच्याजवळचं मागून आणलं.”

ओपलचे डोळे भरून आले होते, पण जीभ अजून तिखट होती. “एवढं कळत होतं तर तेव्हा गप्प का बसलात? तुमचीही सही आहे त्यावर. मीच कागद घेऊन आले होते.”

ब्रदर इनमन यांनी होकारार्थी मान हलवली.

“आहे,” ते म्हणाले. “तू आलीस, मी चष्मा लावला, सगळं वाचलं आणि सही केली. म्हटलं, नाही म्हणालो तर म्हाताऱ्याचं डोकं फिरलं म्हणतील, माझ्या मयतीला माणूस येणार नाही. पन्नास वर्षं धीट होतो आणि तिथे भ्यालो. तुझ्यावर राग नाही माझा. पण शहाणपण माझ्याकडे होतं आणि ते मी खिशात ठेवलं, म्हणून माझा दोष तुझ्याहून मोठा आहे.”

ओपल तिथून निघाली ती वेगळी होऊनच निघाली. एकतीस वर्षं जिला वाटत होतं की देवाच्या हाती राज्य आलं की सगळं नीट होईल, तिला पहिल्यांदा कळलं की देवाच्या हाती काहीच आलेलं नाही! जे काही आलं ते ग्रेडीच्या हाती आलं, ब्रदर केंटच्या हाती आलं, आणि सह्यांच्या कागदाच्या रूपाने तिच्या स्वतःच्या हाती आलं होतं.

पुढच्या बुधवारी मंडळीचं जेवण झाल्यावर ती उभी राहिली. हातात एक अर्ज होता, पाळकांच्या समितीला लिहिलेला. आपोआप गर्भ गेलेल्या बाईला या कायद्यातून वगळावं, एवढीच मागणी. तिने मार्लीची हकीकत पहिल्यापासून सांगितली. इस्पितळ सांगितलं, न्हाणीघर सांगितलं, फावडं सांगितलं. चार वर्षांपूर्वी मी तुमच्याकडे सही मागायला आले होते, ती माझी चूक झाली, आज दुसरी सही मागते, असंही म्हणाली. बायका रडत होत्या. पुरुष ताटाकडे बघत होते.

ब्रदर केंट हळुवारपणे उठले. “ओपल, आमचं काळीज तुटतंय तुझ्यासाठी. पण कायदा वाईट नाही गं, मार्लीची वेळ वाईट आली. एका घरासाठी बांध फोडला तर पाणी सगळ्यांच्या शेतात शिरतं. या, आपण हिच्यासाठी मागू.”

सगळे तिच्याभोवती गोळा झाले. कुणी खांद्यावर हात ठेवला, कुणी डोक्यावर, ज्यांचे हात पोचेनात त्यांनी पुढच्याच्या पाठीवर ठेवले. वीस मिनिटं प्रार्थना चालली. ओपल त्या हातांच्या मधोमध उभी होती आणि तिच्या हातातला अर्ज चुरगळत होता. प्रार्थना संपली, डोळे पुसून झाले, आणि लोक गोड खायला रांगेत उभे राहिले. वर्बेनाबाईंचा मुलगा शेरीफकडे नोकरीला, मुख्याध्यापकाला नेमणुकीची काळजी, दुकानदाराला गिऱ्हाइकाची. कुणी नाही म्हटलं नाही. उद्या बघू, घरी विचारतो, तू फार थकली आहेस, जरा खाऊन घे. त्यांच्या चेहऱ्यांवर जी दया होती ती ओपलच्या ओळखीची होती. राजधानीच्या बाईला चहा देताना तिच्या स्वतःच्या चेहऱ्यावर हीच असणार.

सहाशे अकरा सह्या देणाऱ्या गावात चार सह्या मिळाल्या. तिची, डस्टिनची, ब्रदर इनमनची आणि एका मेथडिस्टाची. समितीकडून पोच आली: पत्र मिळालं, आम्ही आपल्यासाठी प्रार्थना करत आहोत.

डिसेंबरात कोर्ट भरलं. आमच्या कोर्टाचं काम प्रार्थनेने सुरू होतं, तसं ते झालं. मार्लीच्या बचावासाठी सरकारने दिलेला वकील तरुण होता, त्याच्याकडे त्या दिवशी नऊ प्रकरणं होती. त्याने मार्लीला बाहेरच्या बाकावर समजावलं होतं की खटला लढवलास तर बारा माणसं निवाडा करतील, ती याच जिल्ह्यातली, याच चर्चमधली असतील, आणि ते वाक्य त्यांना वाचून दाखवलं जाईल. हरलीस तर दहा वर्षं. त्यापेक्षा परस्पर पुरल्याचा छोटा गुन्हा कबूल कर, तुरुंग टळेल. डस्टिन म्हणाला, लढू या. मार्लीने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती म्हणाली, “दमले मी.”

न्यायाधीशांनी विचारलं की हा कबुलीजबाब तू कुणाच्याही दबावाशिवाय, स्वखुशीने देते आहेस का?

“हो, सर,” मार्ली म्हणाली.

ओपल तिसऱ्या बाकावर बसली होती. खोटं बोललीस तर देवाला कळतं, असं तिनेच या मुलीला शिकवलं होतं. आज भरल्या कोर्टात ती खोटं बोलली, सगळ्यांना ते कळलं आणि न्यायाधीशांनी ते लिहून घेतलं.

शिक्षा सौम्य आहे, असं सगळे म्हणाले. तुरुंगाऐवजी तीन वर्षं कोर्टाची देखरेख. प्राथमिक शाळेत मदतनीस म्हणून तिने अर्ज केला होता, तो बाद, कारण नावावर गुन्हा. आणि एक वर्षभर दर मंगळवारी कोर्टमान्य सुधारणा-वर्गात हजेरी. एक जरी मंगळवार चुकला तर तुरुंग. हा वर्ग बेथेलमध्ये भरतो, वर्बेनाबाई घेतात आणि हजेरीच्या कागदावर सही करायची ती मंडळीच्या कार्यालयाने. म्हणजे ओपलने!

ओपलने त्याच दिवशी राजीनामा लिहिला होता. मग तिने विचार केला. ती गेली तर त्या खुर्चीवर दुसरी कोणी बसेल आणि मार्ली दहा मिनिटं उशिरा आली तरी खरं ते खरं म्हणून कोर्टाला कळवेल. राजीनामा तिने फाडला. चांगलं माणूस अशा जागी कसं अडकतं, ते बाहेरून कळत नाही.

जानेवारीतल्या पहिल्या मंगळवारी सहाला पाच मिनिटं असताना मार्ली आली. कोट अंगावर तसाच. तीन महिन्यांत ती आईच्या घरी आली नव्हती, फोनवर हो-नाही एवढंच बोलायची.

“तू जा घरी,” ओपल दबक्या आवाजात म्हणाली. “मी सही करते. वर्षभर करेन. कुणाला कळणार नाही.”

मार्लीने मान हलवली. “कळेल, मम्मा. या गावात कळतंच. मग तुला नेतील. त्यालाही कलम आहे, वाचलंय मी.”

ती आत जाऊन बसली. ओपल दारातून बघत होती. आणखी चार मुली होत्या, दोन अनोळखी, शेजारच्या जिल्ह्यातल्या. वर्बेनाबाईंनी प्रेमाने सगळ्यांना बिस्किटं दिली आणि कागद वाटले. त्यावर वचनं होती, मधले शब्द गाळलेले, ते भरायचे. मार्लीने एकही शब्द न अडता सगळे भरले. तिला सातव्या वर्षापासून पाठ होते, रविवारी गायकांत उभी राहून ती हीच वचनं डोळे मिटून गायची. आता डोळे उघडे होते आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे होते.

सात वाजता ती कार्यालयात आली आणि टेबलावर कागद ठेवला. ओपलने सही केली, शिक्का मारला. कागद परत देताना तिला राहवलं नाही.

“रविवारी येशील, बाळा? माझ्या शेजारी बस फक्त. गाऊ नकोस हवं तर.”

मार्लीने कागद कोटाच्या खिशात नीट घडी करून ठेवला.

“रविवारचं कोर्टाने सांगितलेलं नाही, मम्मा,” ती म्हणाली आणि गेली.

वाचकहो, देव तुमचा कोणताही असो, त्याच्या घरी माणूस आपल्या पायांनी गेला तरच तो तिथे पोचतो. शेरीफने आणून बसवलेला माणूस नुसता हजर असतो. आपला धर्म आपल्याला प्रिय आहे म्हणून तो कायद्याच्या हाती देऊ नये, कारण माणसाचं मन पालटू शकतं, चूक उमगली की ते रडतं, माफी मागतं, माफ करतं. कायद्याला मन नसतं. ओपलचं मन पालटलं, पण तिने सह्या जमवून आणलेला कायदा अजून जागच्या जागी आहे आणि पुढच्या मंगळवारी त्या वर्गात एक सहावी मुलगी येणार आहे. ओपलला हे सगळं कळलं, पण कळून काही उपयोग झाला नाही. तुम्हाला सही करण्याआधी कळावं, एवढ्यासाठी ही गोष्ट सांगितली.